शोधनिबंधाची सुरुवात कागदाच्या पुडीत

महाबळेश्वरच्या पावसाळी जंगलात पानांवर चिकटलेली हिरवी नक्षी म्हणजे बहुतेक वेळा लेज्युनिएसी कुळातल्या लिव्हरवर्ट, म्हणजे मॉससारख्या इवल्या वनस्पती. त्यांचं पान जेमतेम एक मिलिमीटरचं. उष्णकटिबंधात हे कुळ प्रचंड माजलेलं, त्यामुळे त्यावरचा निबंध सूक्ष्मदर्शकाखालीच उभा राहतो.

मॉसचं काम तुलनेनं सोपं. घडी घातलेल्या कागदी पुडीत नमुना वाळवायचा. कित्येक वर्षांनंतरही पाण्याचा थेंब पडला की पानं पुन्हा उलगडतात. लिव्हरवर्टची गोष्ट वेगळी. तिच्या पेशींतले तैलकण ओळख पटवायला मोलाचे, पण वाळताना ते हळूहळू नाहीसे होतात. म्हणून ताज्या नमुन्याचे फोटो त्याच दिवशी काढावेत. ही एक गोष्ट राहिली, तर पुढचं कितीही सुबक लेखन ती भरून काढू शकत नाही.

नवी प्रजाती जाहीर करायची, तर नियम काटेकोर आहेत. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. प्ररूप नमुना (ज्याच्याशी प्रजातीचं नाव कायमचं जोडलेलं असतं तो) नेमक्या कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवला, हे 1990 पासून लिहावंच लागतं. 2012 पासून आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातली ऑनलाइन पीडीएफही ग्राह्य धरतात. जुनी नावं तपासताना मॉससाठी हेडविगच्या 1801 च्या ग्रंथापासून सुरुवात करायची. स्फॅग्नम आणि लिव्हरवर्टसाठी मात्र लिनियसच्या 1753 पासून.

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा वनस्पतिसंग्रह आहे. हस्तलिखित पाठवण्याआधी आपला नमुना तिथल्यासारख्या सार्वजनिक संग्रहात जमा करा आणि त्याचा क्रमांक निबंधात द्या.