घोडेस्वारी : बसून केलेला व्यायाम

धावतो तो घोडा, स्वार नुसता बसलेला असतो, असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात घोड्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना सतत हलत असते. या हालचालीत स्वाराने आपली कंबर मोकळी आणि हात स्थिर ठेवायचे असतात, कारण हात हलला की लगामाचा हिसका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो. हे स्थैर्य सांभाळतात ते पोटाचे आणि कण्यालगतचे स्नायू. मांड्यांच्या आतल्या बाजूच्या स्नायूंना एरवी चालताना फारसे कष्ट पडत नाहीत. घोड्यावर मात्र तोल राखण्यासाठी ते सारखे कामाला लागतात. नवशिक्याचे दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखते ते तिथेच.

श्रम किती होणार हे घोड्याच्या चालीवर ठरते. स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्या सुमारे ३.८ पट ऊर्जा घोडा सावकाश चालत असताना स्वाराला लागते. स्वतःच्या पायांनी जरा झपाट्याने चालण्याएवढेच हे श्रम आहेत. दुडक्या चालीत हा आकडा ५.८ पर्यंत जातो आणि दौडीत ७.३ पर्यंत, म्हणजे जवळपास जॉगिंगइतका. दुडक्या चालीत घोड्याचे तिरप्या रेषेतले दोन-दोन पाय एकदम टेकतात, त्यामुळे धक्के ठळक बसतात. ते चुकवण्यासाठी स्वार एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठतो आणि दुसऱ्याला बसतो. अशी पंधरा-वीस मिनिटे गेली की दम चांगलाच लागतो. माथेरानला घोडेवाल्याने दोर धरून फिरवून आणलेल्या रपेटीत हे काही घडत नाही; घोडा स्वतः हाकावा लागतो, तेव्हाच व्यायाम होतो.

सावकाश चालीचा उपयोग मात्र कमी लेखू नये. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर माणूस चालताना हलते जवळजवळ तशीच हलते. म्हणूनच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली, घोड्यावरचे उपचार अनेक देशांत केले जातात. या विचाराला मोठे बळ दिले ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी. १९४४मध्ये पोलिओ होऊन त्यांचे गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून नियंत्रित चाली करून घेण्याच्या प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळवले. स्त्रियांना या प्रकारात भाग घेण्याची परवानगी त्याच वर्षी प्रथम मिळाली होती. पायांची कमतरता हार्टेल यांनी कंबर, पाठ आणि शरीराचा भार यांच्या सूक्ष्म इशाऱ्यांनी भरून काढली. चांगल्या स्वारीत ताकदीपेक्षा तोल आणि ताबा मोठा असतो, याचा याहून ठोस पुरावा शोधण्याची गरज नाही. वयाचेही तसेच : जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७१व्या वर्षी उतरले होते.

एकट्या घोडेस्वारीने सगळे साधत नाही. खांदे आणि दंड यांना तिच्यात पुरेसे काम नसते, आणि आठवड्यातून एकदा केलेल्या सावकाश रपेटीने हृदयाची क्षमता फारशी वाढत नाही. म्हणून गंभीरपणे शिकणाऱ्याने जमिनीवरही मेहनत करावी : धावणे किंवा पोहणे, बैठका, पोटापाठीचे व्यायाम, नितंब आणि मांड्यांना ताण देणारी आसने. यात घोड्याचेही हित आहे. दमलेला स्वार खोगिरावर आदळत राहतो आणि घोड्याची पाठ दुखावतो. खोगिरासह एकूण वजन घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो ही वरची मर्यादा झाली.

धोका खरा आहे आणि त्यातला सर्वांत गंभीर म्हणजे डोक्याची इजा. हनुवटीखाली पट्टा आवळलेले शिरस्त्राण सावकाश चालीतही हवेच. बुटाला थोडी टाच असावी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये.