९४ अंशांचा कोपरा

सावंतवाडीत एका घरी चहा आला तो फणसाच्या लाकडाच्या ट्रेमधून. चारही बाजू बाहेर कललेल्या आणि कोपऱ्यांत लाकडाची बोटं एकमेकांत गुंतलेली. खिळा नाही, फट नाही. पेटीचे काटकोनी सांधे पुष्कळ पाहिले होते. कललेल्या बाजूंना हे कसं जमतं ते बघायला मी असे ट्रे करणाऱ्या मेस्त्रींच्या पडवीत जाऊन बसले.

फळ्या रंधून तयार होत्या. मेस्त्रींनी विचारलं, दोन बाजूंमधला कोन किती? मी नव्वद म्हटलं.

"ता वरसून बघल्यार. ९४ आसा."

बाजू १५ अंश कलल्या की वरून कोपरा काटकोनीच दिसतो, पण कोपऱ्याच्या धारेला आडवं मोजलं तर कोन ९३.८ भरतो. मेस्त्रींनी तो गणिताने नाही, टाकाऊ तुकडे जुळवून शोधलाय.

खरी कसोटी करवतीची. पेटीसारखी ती फळीला काटकोनात चालवली, तर बोटं एकमेकांत शिरतच नाहीत. इथे काप फळीच्या खालच्या कडेला समांतर जातो, पण जाडीत १५ अंश तिरपा. ट्रे उभा राहिला की प्रत्येक बोटाची वरची-खालची बाजू जमिनीला समांतर येते आणि फळ्या आडव्या सरकून बसतात. शिवाय लाकडाचे तंतू बोटात सलग राहतात. तिरक्या टोकाला काटकोनात बोटं काढली असती, तर तंतू मुळाशीच तुटले असते. असा कोपरा आपटला की गेलाच.

पुन्हा पुन्हा मी त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होते. नखाला टेकून करवत सुरू होते, रेघेच्या टाकाऊ बाजूने उतरते, रेघ शाबूत राहते. खाली हळदीसारखा पिवळा भुसा साठतो. मग पटाशी, दोन्ही अंगांनी निम्मी निम्मी, कड फुटू नये म्हणून.

"रंध्यान खूप लपता. सांध्यात काय लपत नाय."

कललेल्या बाजूंवर शिकंजा घसरतो, म्हणून सरस लावताना कापातून उरलेल्या पाचरी बाहेरून टेकवतात.

एवढं करून गिऱ्हाईक हा ट्रे सरळ ट्रेच्याच भावात मागतं. हा अन्याय आहे. ९४ अंशांचे चार कोपरे म्हणजे दिवसभराचं काम, आणि त्याची किंमत शून्य धरली जाते. मी माझ्यासाठी घेतलेल्या ट्रेचे दाम कोपऱ्यांसकट दिले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आधी कोपरा मोजून दाखवा, मग भाव सांगा, असा मेस्त्रींकडे हट्ट धरला.