पाणघोड्याची वाट: नैवाशा तलावाकाठी प्राण्यांमधून पायी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' शक्य तितके गाळलेत, सगळे काही गेलेले नाहीत.

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नातून आलाय. नाशिकहून त्यांनी विचारलं, "आईवडिलांना घेऊन केनियाला चाललोय. मसाई माराचे चार दिवस ठरलेत, पण सगळा वेळ गाडीतच बसायचं म्हणे. प्राणी बघत पायी फिरता येईल अशी एखादी जागा आहे का? आणि ती सुरक्षित आहे का?"

जागा आहे. सुरक्षित आहे का, याचं उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. मी स्वतः माझ्या आईला घेऊन तिथे गेलो होतो आणि एक चूक करून बसलो होतो. तीही आज सांगतो.

जागेचं नाव नैवाशा. नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,८८० मीटरच्या आसपास उंचीवर असलेला गोड्या पाण्याचा तलाव. नैरोबीहून निघालं की रस्ता एकदम कड्याच्या टोकाला येतो आणि खाली रिफ्ट व्हॅली पसरलेली दिसते. आमच्या आईने खिडकीतून बघून "खंडाळ्यासारखंच की" म्हटलं. पुढे उतार संपता संपता रस्त्याच्या कडेला एक इवलंसं चर्च लागतं. १९४२ मध्ये, हा घाटरस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी ते बांधलं. चालक थांबेलच असं नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

नैवाशाची एक गंमत आहे. या तलावात नद्या येतात, मलेवा आणि गिलगिल, पण डोळ्यांना दिसेल अशी एकही नदी बाहेर जात नाही. असा तलाव खरं तर खारट व्हायला हवा. शेजारचे एलमेंटाइटा आणि नाकुरू खारे आहेतच. नैवाशाचं पाणी मात्र जमिनीखालून झिरपून निघून जातं, क्षार साठत नाहीत, आणि म्हणून ते गोडं राहतं. गोडं पाणी म्हणून काठाला गवत, गवत म्हणून प्राणी. आणि त्याच पाण्यावर काठाने गुलाबाची मैलोन्‌मैल हरितगृहं उभी आहेत. युरोपातल्या बाजारात जाणारी केनियाची फुलं मोठ्या प्रमाणावर इथलीच. फुलांचा उल्लेख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तलावाच्या पूर्वेकडे क्रेसेंट आयलंड नावाची जागा आहे. एक जुना ज्वालामुखी पाण्यात बुडालाय आणि त्याच्या मुखाचा कडेचा भाग तेवढा चंद्रकोरीसारखा वर राहिलाय. कोरीच्या आतल्या बाजूला तलाव सर्वांत खोल आहे. पाणी उतरलं की ही कोर जमिनीला जोडली जाते, चढलं की बेट होते. आम्ही गेलो तेव्हा बेट होतं, म्हणून होडीने गेलो. ही खाजगी मालकीची राखीव जागा आहे. 'आउट ऑफ आफ्रिका' या १९८५ च्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी प्राणी आणले आणि मग इथेच सोडून दिले, असं तिथला प्रत्येक गाईड सांगतो.

होडीवाल्याने आईला हात दिला आणि म्हणाला, "कारिबू, मामा." आई माझ्याकडे बघायला लागली. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई, मोठ्या बाईला आदराने तसंच म्हणतात. पुढचे दोन तास आमची आई 'मामा' होती आणि तिला ते भारी आवडलं. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात, हेही तिने त्या होडीत बसूनच शोधून काढलं.

आता मुख्य मुद्दा. मारामध्ये गाडीतून पाय खाली ठेवू देत नाहीत आणि इथे चक्क जिराफांच्या मधून चालायला देतात, हे कसं?

पहिलं कारण सरळ आहे. या बेटावर सिंह नाहीत. दुसरं, गवत आखूड आणि जागा मोकळी, त्यामुळे झुडपातून एकदम काही समोर येण्याची शक्यता कमी. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथल्या जनावरांना पायी चालणाऱ्या माणसाची सवय आहे. आपल्याला वाटतं गाडी म्हणजे आवाज, धूर, तिला प्राणी जास्त घाबरत असतील. पण बहुतेक ठिकाणी उलटं असतं. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी एक फिरता डबा, तो खात नाही आणि मारतही नाही. दोन पायांवर चालणारी उभी आकृती मात्र त्यांना हजारो पिढ्यांपासून माहीत आहे. म्हणून सफारीत सिंह गाडीच्या सावलीत येऊन झोपतो आणि तुम्ही दार उघडून उतरलात की सगळं चित्र बदलतं. क्रेसेंट आयलंडवर वर्षानुवर्षं माणसं चालत आलीत, कुणी त्यांच्यामागे लागलेलं नाही. म्हणून झेब्रे तीस-चाळीस पावलांवर असूनही चरत राहतात.

पण सवय म्हणजे मैत्री नव्हे. आमच्या गाईडने निघतानाच एक खूण शिकवली: चरणं थांबलं की आपणही थांबायचं. जिराफाने रवंथ करायचं सोडून तुमच्याकडे बघितलं, झेब्र्याचे दोन्ही कान तुमच्याकडे वळले, विल्डबीस्टने फुरफुर केली, तर तुम्ही फार जवळ आलात. एक पाऊल मागे घ्या, ते पुन्हा चरायला लागतील. थेट नाकासमोर चालत जायचं नाही, तिरकं जायचं, जणू काही आपलं काम दुसरीकडेच आहे. सगळ्यांनी एकत्र राहायचं. पिल्लू आणि आई यांच्या मधे कधी शिरायचं नाही. जिराफ दिसायला गरीब, पण त्याची लाथ सिंहालाही महागात पडते.

हे सगळं आईला माझ्यापेक्षा लवकर जमलं. तिचं लहानपण गावाकडे गोठ्यात गेलंय. मी कॅमेरा घेऊन पुढे पुढे, ती मागून "अरे, कान बघ त्याचे" म्हणत येतेय. एका ठिकाणी सात-आठ जिराफ पिवळ्या खोडाच्या बाभळींमधून चालत होते. ही बाभूळ पाणथळ जागी वाढते. तिच्या जवळ राहिलं की ताप येतो असं जुन्या युरोपियन लोकांना वाटायचं, म्हणून त्यांनी तिला तापाचं झाड म्हटलं. दोष डासांचा, नाव झाडाला. पंधरा-सोळा फुटांचं जनावर, आणि पायांचा आवाज जवळजवळ नाही. गाडीच्या छतातून बघताना ही उंची कळतच नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मारामध्ये तीन दिवस ती दर दहा मिनिटांनी काहीतरी बोलत होती.

आता माझी चूक. ऑगस्टचा महिना, आभाळ भरलेलं, गार हवा, साडेचार वाजले होते. काठावरच्या एका वाळक्या झाडावर मत्स्यगरुड बसला होता, पांढरंशुभ्र डोकं, तांबूस अंग. मला तो फोटो हवा होता. गाईड आईला पाणी देत होता तेवढ्यात मी वाटेवरून खाली उतरलो आणि थेट पाण्याच्या कडेला, लव्हाळ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

मागून आवाज आला, "सिमामा." मोठ्याने नाही, पण असा की पाय जागीच थांबले. सिमामा म्हणजे थांब. मी पाण्याकडे बघत होतो, धोका पाण्यात आहे असं समजून. गाईड माझ्या पाठीमागे बघत होता. वरच्या उतारावर, साधारण पन्नास पावलांवर, मी मघाशी खडक समजून ज्याच्या बाजूने आलो होतो तो खडक मान वर करून उभा होता. पाणघोडा. आणि मी त्याच्या आणि तलावाच्या बरोबर मधे.

पाणघोडा दिवसभर पाण्यात का असतो? त्याची कातडी उन्हात फार लवकर कोरडी पडते आणि तडकते. म्हणून दिवसा पाणी आणि रात्री गवत, असा त्याचा दिनक्रम. एका रात्रीत तो चाळीसेक किलो गवत खातो आणि ठरलेल्या वाटांनी परत येतो. आभाळ भरलं असेल, हवा गार असेल तर तो दिवसाउजेडीही बाहेर येतो. तो माणूस खायला येत नाही, तो शाकाहारीच. पण जमिनीवर घाबरला की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, पाणी. आणि पाण्याकडे जाताना मधे जे येईल ते तो तुडवतो किंवा जबड्याने चिरडतो. दीड टन वजन, आणि कमी अंतरात ताशी तीस किलोमीटरपर्यंत वेग. आपल्यातलं कुणीही तेवढं पळू शकत नाही.

गाईडने हात हलवून मला बाजूला यायला सांगितलं. मागे नाही, पुढे नाही, काठाकाठाने आडवं. 'पोले पोले', हळूहळू. मी वीस-पंचवीस पावलं तसाच सरकलो. पाणघोड्याच्या समोरची वाट मोकळी झाली, तसा तो दुडक्या चालीने खाली आला आणि पाण्यात शिरला. नंतर फक्त लाटा दिसल्या.

मी आईजवळ पोचलो तेव्हा माझे पाय थरथरत होते. ती घाबरलेली होती, पण म्हणाली काय तर, "म्हशीला पाण्याची वाट द्यायची असते, एवढंही कळत नाही का रे तुला?"

होडीतून परतताना गाईड फारसं हसला नाही. तो म्हणाला, तुमच्यासारख्यांना सांगायला आम्ही असतो, आमच्या वस्तीतल्या मच्छीमारांना कोण सांगणार? मग त्याने काठ दाखवला.

नैवाशात पाणघोड्यांच्या हल्ल्याला बळी पडतात ते मुख्यतः तिथले मच्छीमार. कित्येकांकडे होडी नसते, परवाना नसतो. ते छातीएवढ्या पाण्यात उतरून पायी जाळी टाकतात, आणि तेही पहारा चुकवायला रात्री किंवा पहाटे. म्हणजे पाणघोडा ज्या वेळी ज्या वाटेने ये-जा करतो, त्याच वेळी त्याच उथळ पाण्यात. त्यात काठाला हरितगृहं, कुंपणं, हॉटेलं आल्याने पाणघोड्यांच्या चरायला जायच्या वाटा अरुंद झाल्या. आपल्या मुळा-मुठेत माजते तीच जलपर्णी इथेही पसरलीय, तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. आणि वरून पाणी चढलं. २०१० नंतर रिफ्ट व्हॅलीतले बरेच तलाव वाढत गेले. २०२० मध्ये नैवाशाचं पाणी किहोटो या वस्तीत घुसलं, लोकांना घरं सोडावी लागली. गवताची पट्टी पाण्याखाली गेली की पाणघोडा चरायला वर येणार, आणि वर म्हणजे माणसांच्या परसात. होडीतून जाताना पाण्यात उभ्या वाळलेल्या बाभळी दिसतात, ती पूर्वीची काठाची ओळ. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मीही काढले.

जवळच हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे, १९८४ मध्ये घोषित झालेलं, ६८ चौरस किलोमीटरचं. तिथे पायी किंवा सायकलने फिरता येतं. कडे सुंदर आहेत, पण तिथे रानम्हशी आहेत, आणि रानम्हैस पाणघोड्यापेक्षा कमी अंदाज देते. तिथल्या घळीत वरच्या भागात पाऊस पडला की अचानक पाणी येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये अशा पुरात सात जणांचा जीव गेला. आभाळ असेल तर घळीत जाऊ नका, गाईड तयार असला तरी.

तर नाशिकच्या श्रोत्यांना उत्तर. आईवडिलांना नैवाशाला जरूर न्या. एक मुक्काम ठेवा, बेटावर सकाळी जा, गाईडशिवाय चालू नका आणि लव्हाळ्याच्या बाजूला त्याच्या पुढे जाऊ नका. बंद बूट घाला, गवतात काटे असतात. जानेवारी २०२४ पासून केनियासाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं प्रमाणपत्र जपून ठेवा, भारतात परतताना विमानतळावर ते मागतात. आणि होडीत चढायची फळी ओली असते, तेव्हा वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून आधी तुम्ही चढा आणि मग त्यांना हात द्या.