बायबलमधील रोगमुक्तीच्या कथा आणि बालमन : घरगुती धर्मशिक्षणातील एका प्रश्नाचा विचार

लहान मुलांना धर्मकथा सांगण्याची प्रथा सर्वच समाजांत आढळते. ख्रिस्ती कुटुंबांत मात्र ती केवळ प्रथा न राहता आईबापांचे कर्तव्य मानली गेली आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी असताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलत जावे, असा उपदेश आहे; यहुदी व ख्रिस्ती या दोन्ही परंपरांत घरगुती धर्मशिक्षणाचा आधार म्हणून त्याचा निर्देश होतो. मराठीपुरते बोलावयाचे तर या कथा आपल्या भाषेत नव्या नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले आणि त्यात येशूचे चरित्र ओवीबद्ध झाले. पुढे अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मासिक खास मुलांसाठी सुरू केले. तथापि कथा भाषेत रुळणे व ती बालमनात योग्य रीतीने रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, आणि तोही रोगमुक्तीच्या कथांपुरताच.

या कथा मुलांना प्रथम सांगितल्या जातात याचे कारण उघड आहे. कथा आटोपशीर असते, पात्रे थोडी असतात, प्रसंग घरातला किंवा रस्त्यावरचा असतो आणि शेवट सुखाचा होतो. परंतु नेमक्या याच कथा सांगताना सर्वांत अधिक जपावे लागते. ‘त्याने विश्वास ठेवला म्हणून तो बरा झाला’ असे मुलाने ऐकले, की ‘जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी पडला’ हा निष्कर्ष त्याच्या मनात आपोआप तयार होतो. ज्या घरात धाकटे भावंड दीर्घकाळ आजारी आहे, किंवा आजी प्रार्थना करीत करीतच निवर्तली आहे, त्या घरातील मुलाला हा निष्कर्ष केवळ तर्कदोष म्हणून सोडून देता येत नाही. तो त्याच्यावर अपराधाचे ओझे म्हणून बसतो. म्हणून मूळ कथांत विश्वास व रोगमुक्ती यांचा संबंध कसा आहे, हे प्रथम पाहणे अवश्य आहे.

१. कथांतील विश्वासाचे स्थान

शुभवर्तमानांतील कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे ‘विश्वास हे मोल आणि आरोग्य हा माल’ असा व्यवहार त्यांत दिसत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून कफर्णहूम येथील एका घरी आणतात आणि गर्दीमुळे छप्पर उकलून त्याला आत सोडतात. तेथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे अनेकवचन आहे. नजरेत भरतो तो आणणाऱ्यांचा विश्वास. मत्तयाच्या आठव्या अध्यायात शताधिपती आपल्या चाकरासाठी येतो, तर मार्कच्या पाचव्या अध्यायात याईर आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी येतो. या दोन्ही ठिकाणी आजारी व्यक्तीच्या विश्वासाची चौकशीदेखील होत नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दा तळ्याकाठचा मनुष्य अडतीस वर्षे आजारी असून आपल्याला बरे करणारा कोण, हेही त्याला ठाऊक नसते.

लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. दहाही जण बरे होतात. त्यांपैकी एकटा शोमरोनी परत येऊन आभार मानतो. आणि विश्वासासंबंधीचे उद्गार त्याला उद्देशून येतात. म्हणजे उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काही परत घेतले जात नाही. तेथील ग्रीक क्रियापदाला ‘बरे करणे’ आणि ‘तारणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे त्या उद्गाराचा रोख शरीरापलीकडेही जातो.

याच्या विरुद्ध जाणारी उदाहरणेही लपवून चालणार नाही. नासरेथमध्ये लोकांच्या अविश्वासामुळे थोड्याच रोग्यांना गुण आला, असे मार्कच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या स्त्रीला व आंधळ्या बार्तीमयाला तर त्यांच्या विश्वासाचाच हवाला दिला जातो. परंतु मार्कच्या नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाचा बाप आपला विश्वास अपुरा असल्याचे उघड कबूल करतो आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो. सारांश, विश्वास हे या कथांचे एक सूत्र आहे. पण ते गणितातील सूत्र नव्हे.

२. आजाराविषयी मुलांची समजूत

कथा जशी सांगितली जाते तशीच ती मुलाच्या मनात उतरते, असे मात्र नाही. जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नीतिविचारावरील ग्रंथात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. फळे चोरून पळणारा मुलगा कुजक्या फळ्यांच्या पुलावरून पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तर तो पडला असता काय, असा प्रश्न विचारला असता लहान वयाची बहुतेक मुले पडणे हे चोरीचे शासन समजतात. वस्तूंमध्येच न्याय करण्याची शक्ती आहे, अशी ही समजूत वाढत्या वयाबरोबर ओसरते. आजाराच्या बाबतीतही लहान मुले असाच विचार करताना आढळतात. ‘मी ऐकले नाही म्हणून मला ताप आला’ हे वाक्य कोणत्याही घरात ऐकावयास मिळते.

रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ साली इंग्लंडमधील सहा ते सतरा वर्षांच्या २०० विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून असे मांडले, की बायबलमधील कथांचा अर्थ लहान मुले शब्दशः घेतात आणि रूपकाचे आकलन पौगंडावस्थेच्या सुमारास होऊ लागते. त्यांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. मुलांना शब्दांत मांडता येते त्याहून अधिक कळते, हा त्यातील मुख्य आक्षेप. तरीही मोठ्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मुलापर्यंत पोचलाच असे गृहीत धरू नये, हा बोध त्यातून टिकून राहतो.

अलीकडील दोन अभ्यासांची येथे दखल घेणे उचित होईल. कॉरिव्हो, चेन व हॅरिस यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या कथांतील पात्रे खरी की कल्पित, असे विचारले गेले. धर्मशिक्षण मिळालेल्या मुलांनी धर्मकथांतील पात्रे खरी मानली आणि अद्भुत कथांतील पात्रांविषयीही ती इतर मुलांहून कमी साशंक होती. यावरून घरातील शिकवण मुलाच्या ‘शक्य काय’ या कल्पनेला आकार देते, एवढे निश्चित म्हणता येते. दुसरा अभ्यास लेगार व गेल्मन यांचा, २००८ सालचा. दक्षिण आफ्रिकेतील सेसोथो भाषक समाजात आजाराचे शारीरिक कारण आणि चेटूक ही दोन्ही स्पष्टीकरणे एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदतात आणि वय वाढल्याने दुसरे स्पष्टीकरण लोप पावते असे नाही, असे त्यांना आढळले. संदर्भ भिन्न असला तरी त्यातून निघणारा प्रश्न आपलाही आहे. औषध आणि प्रार्थना या दोन गोष्टी मुलाच्या मनात राहणारच; त्यांची परस्परांशी सांगड कशी घालावी, हे मात्र ते मोठ्यांच्या बोलण्यावरून ठरवीत असते.

३. शब्दांची अडचण

मराठीत या कथा सांगताना तीन शब्द विशेष जपून वापरावे लागतात. पहिला ‘कुष्ठरोग’. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या हिब्रू शब्दासाठी हा प्रतिशब्द योजला जातो, तो विकार कापडावर व घराच्या भिंतींवरही उठतो, असे वर्णन आहे. म्हणजे तो शब्द आजच्या वैद्यकातील एका विशिष्ट रोगाचा वाचक नाही. हॅन्सन यांनी १८७३ साली ज्या रोगाचे जंतू दाखविले तो कुष्ठरोग, १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. मुलाला कथा सांगताना ‘अंगावर चट्टे उठलेला मनुष्य, ज्याला लोक दूर ठेवीत’ असे म्हटल्याने कथेची काहीच हानी होत नाही. उलट ‘महारोगी’ म्हटल्याने वस्तीतील एका खऱ्या माणसाविषयी भय व किळस मात्र उत्पन्न होते.

दुसरा शब्द ‘आंधळा’. योहानाच्या नवव्या अध्यायात अंधत्व हे अज्ञानाचे रूपकही होते. ज्या घरात किंवा वर्गात दृष्टिहीन मूल आहे तेथे हे रूपक उलगडून दाखविण्याची घाई करू नये. याच अध्यायात, हा जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे, असे शिष्य विचारतात. आणि त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे नव्हे, असे स्पष्ट उत्तर मिळते. आजार म्हणजे शासन, या बालसुलभ समजुतीला कथेतूनच मिळालेले हे उत्तर आहे.

तिसरा शब्द ‘विश्वास’. संस्कृतात त्याच्या मुळाशी ‘श्वस्’ हा धातू आहे. निर्भयपणे, मोकळा श्वास घेता येईल अशी मनाची अवस्था हा त्याचा ध्वनी. मुलाला हा अर्थ ठाऊकच असतो. बापाचा हात धरून ओढा ओलांडताना त्याला जे वाटते, त्याला आपण भरवसा म्हणतो. ‘विश्वास ठेव’ ही आज्ञा झाली म्हणजे मूल डोळे मिटून स्वतःवर जबरदस्ती करू लागते. ‘तो भरवशाने त्याच्याकडे गेला’ असे म्हटले म्हणजे ते कथेतील माणसाबरोबर चालू लागते.

४. निवड, क्रम आणि रीत

वरील विवेचनावरून कथांचा क्रम ठरविता येतो. चार-पाच वर्षांच्या मुलास याईराच्या मुलीची कथा सांगावी. पण ती मरणावर न रेंगाळता, मुलगी उठल्यावर तिला खायला द्या असे येशू सांगतो, त्या शेवटावर आणून सोडावी. आजारातून उठलेल्या मुलाला पेज भरविणे हे प्रत्येक घरातील दृश्य आहे. याच वयाच्या आसपास नामानाची कथाही सांगता येते. अरामाच्या त्या सेनापतीला अलीशाकडे जाण्याची वाट दाखविणारी एक लहान, बंदिवान मुलगी असते, हे मुलांना फार आवडते.

सहा ते आठ या वयात चार मित्रांची कथा घ्यावी. तिच्यातील छप्पर हे वस्तुपाठास उत्तम साधन आहे. मार्क छप्पर खणल्याचे सांगतो, तर लूक कौलांचा उल्लेख करतो. कोकणातील कौलारू घरातल्या मुलाला लूकचे वर्णन चटकन दिसेल. देशावर किंवा खानदेशात धाब्याचे मातीचे घर पाहिलेल्या मुलाला मार्कचे. मूल कथा आपल्या घरात आणून पाहू लागले, की ‘तू असतास तर बाजेचा कोणता कोपरा धरला असतास?’ हा प्रश्न विचारावा. या प्रश्नाने लक्ष चमत्कारावरून सोबतीकडे वळते, आणि आजारी भावंडाच्या घरात मुलाला करण्याजोगे काही सापडते. नऊ वर्षांच्या पुढे जन्मांधाची कथा, आणि नासरेथसारखे अवघड प्रसंग पौगंडावस्थेसाठी राखून ठेवणे हिताचे.

कथेच्या शेवटी तात्पर्य सांगण्याचा मोह आवरावा. तात्पर्य बहुधा एकाच वाक्याचे असते, आणि त्या वाक्यातच मघाशी सांगितलेला निष्कर्ष दडलेला असतो. त्यापेक्षा मुलाला कथा परत सांगावयास लावावी. त्याने काय गाळले व काय पदरचे घातले, यावरून त्याच्या मनातील भीती कळून येते.

५. जे बरे झाले नाहीत

घरगुती शिक्षणात बहुधा वगळला जाणारा भाग म्हणजे नव्या करारातीलच न बरे झालेले लोक. पौल आपल्या देहातील काट्याबद्दल तीन वेळा विनंती करतो. काटा तसाच राहतो. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे जातो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो, आणि लूकचा उल्लेख प्रिय वैद्य असा येतो. यांपैकी कोणाच्याही विश्वासाविषयी मजकुरात शंका घेतलेली नाही. ही माणसे मुलांच्या ओळखीची झाली, तर आजीच्या मृत्यूनंतर ‘आम्ही नीट प्रार्थना केली नाही का?’ या प्रश्नाला आईजवळ उत्तर असेल : पौलानेही केली होती. शिवाय वैद्याकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे वेगळे शिकवावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेस डॉ. वान्लेस यांनी उभारलेले मिशन रुग्णालय हे याच समजुतीचे महाराष्ट्रातील प्रत्यक्ष रूप होय.

समारोप

सारांश असा : रोगमुक्तीच्या कथा लहान मुलांना सांगू नयेत असे नव्हे, तर त्या मूळात जितक्या विविध आहेत तितक्याच विविध ठेवून सांगाव्यात. सर्व कथांना एका सूत्रात बसविणारी शिकवण मुलाच्या ‘आजार म्हणजे शासन’ या समजुतीला बळ देते; आणलेल्यांबरोबर आणणाऱ्यांना, बरे झालेल्यांबरोबर न झालेल्यांना स्थान देणारी शिकवण ती समजूत हळूहळू सैल करते. धर्मश्रद्धा बाळगणाऱ्या व न बाळगणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या अभ्यासकांस येथपर्यंत एकत्र येता येईल. मराठी भाषक ख्रिस्ती कुटुंबांत या कथा आज कोण, केव्हा व कोणत्या शब्दांत सांगते, आणि मुले त्या पुन्हा कशा सांगतात, याची पद्धतशीर पाहणी मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व मराठी या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावी, एवढे सुचवून हे विवेचन पुरे करतो.