लाल तेलाची गाळणी

पुसेगाव म्हटलं की सातारकरांना सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. हिंगोली जिल्ह्यातलं पुसेगाव निराळं. सेनगाव तालुक्यातलं हे गाव सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यात येतं. काळी जमीन, पावसाळ्यात चाकं गिळणारा चिखल आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या पुढे सरकणारा पारा. यंत्रांची परीक्षा घ्यायला एवढं पुरे. अशा ठिकाणी ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला बाहेरून फिल्टर जोडण्याची गोष्ट काढली, तर ती पुण्या-मुंबईच्या हौशी गाडीवाल्यांची खटपट वाटेल. पण असा फिल्टर या भागाच्या शिवारात केव्हाच येऊन पोचला आहे, तो जेसीबीवर बसून.

शेततळं खणायचं असो, धरणातला गाळ उपसून रानात टाकायचा असो की लग्नाच्या मांडवासाठी जागा सपाट करायची असो, मराठवाड्यातल्या खेड्यात पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. जेसीबी ही कंपनी भारतात आली १९७९ साली, हरियाणातल्या बल्लभगडला. पुढे पुण्यातही कारखाना उभा राहिला. तिचं पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं यंत्र गावोगाव इतकं रुळलं, की दुसऱ्या कंपनीच्या तशाच यंत्रालाही लोक जेसीबीच म्हणतात. हे यंत्र दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे करत असतं. दर वेळी पायाने क्लच दाबत बसलं तर ऑपरेटर आणि क्लच दोघंही आठवड्यात थकतील. म्हणून त्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि पुढे-मागे जाण्यासाठी तेलाच्या दाबावर पकडणारे क्लच असतात. गिअरबॉक्समधलं तेल नळीतून रेडिएटरजवळच्या कूलरपर्यंत जातं, गार होऊन परत येतं. आणि गिअरबॉक्सच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, इंजिन ऑइलच्या फिल्टरसारखाच एक डबा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. मीटरवरचे ठरलेले तास भरले, की तो हाताने फिरवून काढायचा, नव्याच्या रबरी रिंगला बोटाने तेल लावायचं आणि बसवायचा. ना तेलाचं चेंबर खोलायचं, ना पॅकिंग बदलायचं.

बहुतेक ऑटोमॅटिक मोटारींत ही सोय नसते.

या मोटारींच्या गिअरबॉक्समधलं तेल फक्त वंगण नसतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत तेच पोचवतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनाने फिरवलेला एक पंखा तेल भिरकावतो आणि त्या माऱ्याने दुसरा फिरतो. ही कल्पना हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि मुळात जहाजांसाठी. त्याच तेलाच्या दाबावर आतले क्लच दाबले जातात आणि गिअर बदलतात. आतली उष्णता बाहेर नेण्याचं कामही त्याच्याकडेच. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९३९ मध्ये १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन रणगाड्यांतही बसला. त्या काळच्या तेलात क्लच नीट पकडावेत म्हणून स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० नंतर अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि तेल कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. तेलाचा लाल रंग मात्र टिकला. तो नुसता रंग आहे. गळती दिसली तर ती इंजिनाची की गिअरबॉक्सची, हे ओळखता यावं एवढ्यासाठी तो घालतात.

या तेलाचे दोन शत्रू: उष्णता आणि कचरा. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना, घाटात भरल्या गाडीने रांगत चढताना किंवा बाजाराच्या गर्दीत इंच-इंच सरकताना कन्व्हर्टरचे दोन पंखे वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तेल घुसळून तापतं. उलट समृद्धी महामार्गावर एका लयीत धावणाऱ्या गाडीत कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट बांधून टाकतो, त्यामुळे तेल फारसं तापत नाही. म्हणजे गिअरबॉक्सला दगदग होते ती महामार्गाच्या वेगापेक्षा शेताच्या वाटेवर. साधारण ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ढोबळ हिशेब आहे. तापून तेल करपलं की क्लचच्या चकत्यांवरचं कागदासारखं अस्तर झिजतं. त्याचा काळा भुगा आणि गिअरचा लोखंडी कीस तेलात उतरतो. हे तेल ज्या व्हॉल्व्हमधून फिरतं, त्यांच्यातल्या फटी केसाच्या जाडीहूनही अरुंद असतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. त्यात गिअर बदलणारे सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारे चुंबकच, लोखंडाचा कीस नेमका तिकडेच धाव घेतो. मग गाडी गिअर बदलताना धक्का देऊ लागते.

आत फिल्टर असतो, नाही असं नाही. पण तो चेंबरमध्ये, पंपाच्या तोंडाशी बसवलेला असतो. पंप त्यातून तेल ओढून घेतो, आणि इथेच अडचण आहे. ताक फडक्यावर ओतून दाबलं तर गाळलं जातं, पण तेच फडकं तोंडाला लावून ओढायचं म्हटलं तर हवाच हाती येते. पंपाचंही तसंच. जाळी फार बारीक ठेवली तर थंड, जाड तेल ओढलं जात नाही, बुडबुडे धरतात आणि दाब कोसळतो. म्हणून आतली जाळी मुद्दाम जाडी ठेवतात. काही गाड्यांत तर ती नुसती तारेची जाळी असते. बारीक कचरा तिच्यातून बिनदिक्कत पार होतो. चेंबरच्या तळाला चिकटवलेला मॅग्नेट लोखंड धरतो, पण क्लचचा भुगा आणि ॲल्युमिनियमचा कीस त्याच्या कक्षेत येत नाही.

कूलरकडे जाणाऱ्या नळीतलं तेल मात्र पंपाच्या पुढचं, दाबाखालचं असतं. तिथे बारीक फिल्टर लावता येतो आणि गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येतो. बाहेरच्या फिल्टरचं सगळं तर्कशास्त्र एवढंच. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांनी ते आधीच ओळखलं होतं. ॲलिसन कंपनीचा १००० मालिकेचा गिअरबॉक्स २००१ मध्ये अमेरिकन पिकअप ट्रकांत बसला, तेव्हापासून त्याच्या बाहेर फिरवून काढायचा फिल्टर आहे. मराठवाड्याच्या अंगणातलंही उदाहरण आहे. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जोडल्या जाऊ लागल्या. तिथून निघालेल्या डिझेल सुपर्बच्या सहा गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या गिअरबॉक्सवर बाहेरून काढता येणारा फिल्टर आहे. तो साठ हजार किलोमीटरला तेलाबरोबर बदलायचा असतो.

पुसेगावसारख्या गावांतल्या रस्त्यांवर टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. महिंद्राने स्कॉर्पिओला सहा गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय २००८ मध्येच दिला. त्यानंतर फॉर्च्युनर, २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा, २०२० ची थार असा हा ताफा वाढत गेला. यातल्या बऱ्याच गाड्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जातात. तोवर ‘या तेलाला आयुष्यभर हात लावायचा नाही’ हे कुणीतरी सांगितलेलं वाक्यही सोबत फिरत राहतं. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओपासून आणलेली एएमटी मात्र वेगळी. तो साधा हातगिअरचाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, कूलरची नळीही नाही, म्हणून हा फिल्टर लावायला जागाच नाही.

बसवण्याचं काम दिसायला सोपं आणि चुकायलाही तितकंच सोपं. गिअरबॉक्समधून कूलरकडे दोन नळ्या जातात, एक गरम तेलाची, दुसरी परतीची. गाडी थोडी चालवून, नळ्यांजवळ हात नेऊन पाहिलं की जास्त तापलेली ती जाणारी, हे कळतं. फिल्टर बहुधा परतीच्या नळीवर लावतात, कारण कूलरच्या पोटात अडकलेला जुना कचराही मग तिथेच अडतो. दोन तऱ्हा मिळतात. एक, नळीच्या मध्ये बसणारा छोटा डबा, त्यात बहुधा मॅग्नेटही असतो आणि अंगावर तेलाच्या दिशेचा बाण. दुसरी, चेसिसवर बसवायचा ब्रॅकेट आणि त्यावर फिरवायचा मोठा फिल्टर.

मोठ्या फिल्टरचा तळ नीट पाहिला तर सगळी युक्ती दिसते. मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि भोवती लहान भोकांचं कडं. तेल कडेच्या लहान भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून पार होतं आणि मधल्या भोकातून बाहेर पडतं. लहान भोकांच्या मागे रबराचा एक पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर तेल मागे ओघळू नये म्हणून. नळ्या उलट्या जोडल्या तर हाच पडदा दार बंद करतो. मग कूलरमधून तेल फिरत नाही आणि अनेक गिअरबॉक्समध्ये त्याच परतीच्या तेलावर जगणारे मागचे गिअर आणि बुश कोरडे पडतात. दुसरी मेख बायपास व्हॉल्व्हची. कागद भरला किंवा पहाटे तेल जाड असलं, तर तेलाला न गाळता का होईना वाट मिळाली पाहिजे. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनातच असतो, त्यामुळे त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसतो. दुकानात आटे जुळले म्हणून उचललेला असा फिल्टर गिअरबॉक्सच्या मुळावर येऊ शकतो.

नळीही तेलाचीच हवी. पाण्याची रबरी नळी गरम तेलात फुगते, मऊ पडते आणि एक दिवस क्लॅम्पमधून निसटते. ती सायलेन्सरजवळून नेलेली असेल तर आगीचीही भीती. काम झाल्यावर गाडी सुरू करून जोड कोरडे आहेत ना, हे पाहायचं. फिल्टरच्या डब्यात मावलेलं तेल वाढवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला पातळी तपासायची.

या फिल्टरकडून नको त्या अपेक्षा करणारेही कमी नाहीत. तो तेल गार करत नाही, त्याला कूलरच लागतो. करपलेलं तेल तो ताजं करू शकत नाही, कारण करपल्याने तयार झालेला चिकट अंश तेलात विरघळलेला असतो. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलं, तर लाल तेलाचा गुलाबी, दुधाळ रबडा होतो. त्यापुढे कुठल्याही फिल्टरचं काही चालत नाही. आणि चेंबर रिकामं केलं तरी बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्ये तसंच राहतं, म्हणून फिल्टर असो वा नसो, तेल बदलत राहणं सुटत नाही.

मिस्त्रीला हा फिल्टर कामाला येतो पुरावा म्हणून. काढलेल्या फिल्टरचा डबा कापायचा, आतला घड्यांचा कागद पसरायचा आणि खालून मॅग्नेट फिरवायचा. जे सरकतं ते लोखंड, चमकतं पण हलत नाही ते ॲल्युमिनियम किंवा पितळ, बोटाला काळं लागतं ते क्लचचं अस्तर. डबा कापायला हॅक्सॉ वापरला तर पात्याचाच कीस आत पडून निदान चुकतं, म्हणून जाणकार गोल फिरणारा कटर वापरतात.

वॉरंटीतल्या गाडीच्या नळ्या कापू नयेत, दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. अनेक नव्या गाड्यांत कूलर गिअरबॉक्सच्याच अंगावर बसवलेला असतो, तिथे कापायला नळीही नसते. जुनी गाडी घेतलेल्याने आधी चेंबर उतरवून मॅग्नेट पाहावा. त्यावर करडी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. तुकडे किंवा सुया असतील तर आधी गिअरबॉक्स खोलावा लागेल. आणि तो दुरुस्त होऊन परत बसतो, तेव्हा बाहेरच्या फिल्टरची सर्वांत जास्त गरज असते. जुन्या मोडतोडीचा कचरा कूलरच्या घड्यांत दडून बसलेला असतो आणि पहिल्या काही किलोमीटरांत तो नव्या क्लचवर येऊन आदळू शकतो. म्हणून त्या दिवशी कूलर बदलावा, निदान धुऊन घ्यावा, आणि परतीच्या नळीवर फिल्टर लावूनच गाडी रस्त्यावर काढावी.