कित्ता कुंचल्याचा, वळण छिन्नीचे

बीजिंगमधील उद्यानांत सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. लांब दांड्याला बसवलेला स्पंजाचा टोकदार कुंचला पाण्यात बुडवून वयस्क मंडळी फरशीवर अक्षरे लिहीत असतात. ऊन चढले, की अक्षरे विरून जातात. लिहिणाऱ्याला त्याची खंत नसते. आपल्याकडील धुळाक्षरांचीच ही चिनी आवृत्ती म्हणावी लागेल. हे पाहून भारावलेला परदेशी पाहुणा अनेकदा रेशमी अस्तराच्या पेटीतील लेखनसंच घेऊनच मायदेशी परततो. गुरूविना चिनी सुलेखन शिकण्याचा त्याचा प्रवास येथून सुरू होतो, आणि बहुधा येथेच अडखळतो.

कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड यांना चिनी परंपरेत 'अभ्यासिकेची चार रत्ने' असे संबोधले जाते. नवशिक्याला मात्र ही चारही रत्ने लगेच लागत नाहीत. बाटलीतील तयार शाई पुरेशी ठरते. आन्ह्वे प्रांतातील प्रसिद्ध श्वान कागद अत्यंत शोषक असतो. हात क्षणभर रेंगाळला, तरी शाई फुटते. छपाईयंत्राचा गुळगुळीत कागद नेमका उलट: त्यावर शाई मुरत नसल्याने हाताचे दोष कळतच नाहीत. सरावासाठी बांबूच्या लगद्याचा, चौकटी आखलेला पिवळसर स्वस्त कागद उत्तम. नवा कुंचला खळीने कडक केलेला असतो. तो आधी कोमट पाण्यात सोडवून घ्यावा लागतो. टोक मोडून कुंचला वाया घालवणारे नवशिके कमी नाहीत.

खरी अडचण साहित्याची नाही, हालचालीची आहे. देवनागरी सुलेखनातील बोरूचे टोक चपटे व तिरके कापलेले असते; कोन सांभाळला, की जाड-बारीक रेषा आपसूक उमटते. चिनी कुंचला शंकूच्या आकाराचा. तो कागदावर उभा धरायचा आणि रेषेची जाडी दाबाने ठरवायची. साधी आडवी रेघ ओढतानाही हात आधी किंचित डावीकडे जाऊन टोक लपवतो, दाब देतो, मग उजवीकडे सरकतो आणि शेवटी थांबून मागे वळतो. पूर्ण झालेल्या रेघेत यातले काहीच दिसत नाही. पुस्तकातील अक्षर पाहून शिकणारा त्यामुळे लिहीत नाही, अक्षराचे चित्र काढतो. रेघ बिघडली, की तीवरून पुन्हा हात फिरवतो. सुलेखनात हे वर्ज्य मानले जाते.

त्यात कित्ताही फसवा. नवशिक्यांना बहुधा थांग राजवटीतील यान झेनछिंग (७०९-७८५) यांचे ठसठशीत वळण सुचवले जाते. त्यांच्या अक्षरांचा इ. स. ७५२ मधील तोबाओ स्तूपाचा शिलालेख आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. त्यावर ओलसर कागद बसवून, शाईच्या गादीने ठोकून ठसे घेतले गेले. काळ्यावर पांढरी अक्षरे दाखवणारी सरावपुस्तके त्यांवरूनच छापली जातात. म्हणजे आधी कुंचला, मग पाथरवटाची छिन्नी, मग ठसा, मग छपाई. अक्षराचे जे धारदार कोपरे शिकाऊ जिवापाड गिरवतो, त्यांतले कितीतरी छिन्नीचे असतात. छिन्नीपलीकडचा कुंचला ओळखण्यासाठी जाणकाराचा हात एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा लागतो. ही उणीव आता चित्रफितींनी बरीच भरून काढली आहे. मात्र चित्रफीत शिकाऊचा हात पाहू शकत नाही.

दुसरा मोह वेगाचा. वांग शीझी यांची इ. स. ३५३ मधील 'लानथिंग'ची प्रस्तावना ही सुलेखनातील सर्वांत नामांकित रचना. तिचे मूळ हस्तलिखित हरवले असून आज उरल्या आहेत त्या नकलाच. तिची वाहती लिपी पाहून अनेक जण थेट तिलाच हात घालतात. नियमित लिपीचा पाया नसताना ती धावती अक्षरे म्हणजे निव्वळ गिचमिड होते.

चिनी भाषा थोडीफार शिकलेल्यांसमोर आणखी एक पेच उभा राहतो. मुख्य भूमीवर १९५६ पासून सुलभीकृत अक्षरे रूढ झाली, पण सुलेखनाचे अभिजात कित्ते जुन्या अक्षरांत आहेत. ओळखीचा शब्द अनोळखी रूपात समोर येतो. भाषा अजिबात न येणाऱ्यालाही सराव करता येतो. मात्र रेघांचा क्रम आणि अक्षराचा अर्थ शब्दकोशात पाहण्याचे कष्ट त्याला चुकत नाहीत.

मग एकट्याने करायचे काय? उपाय जुनाच आहे. आधी कित्त्यावर पातळ कागद ठेवून गिरवायचे, मग कित्ता समोर ठेवून लिहायचे, आणि लिहिलेले अक्षर पारदर्शक कागदावर उतरवून कित्त्यावर बसवून पाहायचे. डोळ्यांना सुटलेली चूक तेथे निमूटपणे उघडी पडते. परंपरेने सरावासाठी निवडलेले अक्षर आहे 'योंग', अर्थात चिरंतन. त्या एकात टिंब, आडवी, उभी, आकडा अशा आठ मूळ हालचाली सामावल्या आहेत. दिवसाकाठी अर्धा तास एवढेच अक्षर लिहिणे कंटाळवाणे खरेच. चिनी शिक्षण मंत्रालयाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार तेथील मुलांच्या हाती शाळेत कुंचला येतो तो तिसरीत, आठवड्याला एका तासापुरता. परदेशी नवशिक्या त्या वर्गापेक्षा फार मागे नसतो; फक्त मागे उभे राहून त्याचे मनगट सरळ करणारे कोणी त्याच्याजवळ नसते.