स्वप्नातील काल

स्वप्नसृष्टी खरी की भासमान, हा वाद ब्रह्मसूत्रांच्या संध्याधिकरणात आला आहे. शंकराचार्य तीस मायामात्र ठरवितात. कारण तिला उचित देश, काल व निमित्त यांचा आधार नाही. देहाच्या संकुचित जागेत रथ मावणार कसा? कुरुदेशात निजलेला स्वप्नात पांचालात जातो, पण जागा होतो तो कुरुदेशातच. मुहूर्तभराच्या स्वप्नात तर कित्येक वर्षे लोटतात.

यांपैकी कालाचा मुद्दा आता प्रयोगाच्या कक्षेत आला आहे. स्वप्नाचे भान असलेला निद्रिस्त मनुष्य ठरविलेल्या नेत्रचलनांनी संकेत देऊ शकतो, हे इंग्लंडात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये नोंदविले. दोन संकेतांमधील अंतर मोजता येते. अंक मोजण्यास स्वप्नातही जागृतीइतकाच वेळ लागतो, असे स्टीफन लाबर्ज यांस आढळले. वर्षे लोटतात ती बहुधा नाटकातल्याप्रमाणे, प्रवेश बदलून.

यास स्वप्नाचा ‘भौतिक नियम’ म्हणणे मात्र शब्दाचा सैल उपयोग होय. नियमितता आहे ती मेंदूच्या व्यापारात. एर्लाखर व श्रेडल यांच्या २००४ मधील प्रयोगात स्वप्नातील उठाबशांस जागृतीपेक्षा अधिक वेळ लागला. त्या देहास वजन नसताना असे का व्हावे? निद्रेत स्नायूंकडून मिळणारी संवेदना क्षीण असते, हे एक संभाव्य कारण.